न झालेल्या कुस्तीचा निकाल

कोलकात्याच्या एका लखपतीने १९१० साली गामाला लंडनला धाडलं. जगज्जेत्याशी दोन हात करण्यासाठी. ती कुस्ती झालीच नाही. मात्र ती झाली असती तर कोण जिंकलं असतं, हा वाद काही मिटायला तयार नाही.

दोन तास चौतीस मिनिटं एक पैलवान पोटावर पडून होता.

तारीख १० सप्टेंबर १९१०, वार शनिवार. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातलं स्टेडियम. पोटावर पडलेला पैलवान होता पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को, युरोपातल्या नावाजलेल्या मल्लांपैकी एक. आणि त्याला उलटवण्यासाठी जंग जंग पछाडत होता साडेपाच फुटांहून जेमतेम इंच-दोन इंच उंच असा एक पंजाबी पैलवान. गुलाम महंमद ऊर्फ गामा. पहिल्या मिनिटाभरातच गामाने झिबिस्कोला खाली घेतलं. झिबिस्कोने ओळखलं की उभं राहिलो की संपलो. मग त्याने गादीला जी मिठी मारली ती सोडलीच नाही. गामापेक्षा कितीतरी जड असलेलं ते धूड उलटेना, आणि ते स्वतःहून उठेना. प्रेक्षक कंटाळले. पंचांनी अखेर कुस्ती पुढच्या शनिवारवर टाकली.

पुढच्या शनिवारी गामा आला. झिबिस्को आलाच नाही. अडीचशे पौंडांचं बक्षीस आणि 'जॉन बुल' हा मानाचा पट्टा गामाला मिळाला.

पण गामा काही त्या पट्ट्यासाठी सात समुद्र ओलांडून गेला नव्हता. त्याला दोनच माणसं हवी होती. एक, अमेरिकेचा जगज्जेता फ्रँक गॉच. दुसरा, गॉचच्या आधीचा जगज्जेता 'रशियन सिंह' जॉर्ज हॅकनश्मिट. दोघांनाही त्याने जाहीर आव्हान दिलं होतं: तुम्हाला हरवतो, नाहीतर बक्षिसाची रक्कम मी तुम्हाला देतो आणि मायदेशी परत जातो! दोघांपैकी एकही आखाड्यात उतरला नाही.

आता प्रश्न असा, की पंजाबातल्या पैलवानाला लंडनला नेण्याचा खर्च केला कुणी? दतियाच्या राजाने? पतियाळाच्या महाराजांनी? नाही. हा खर्च उचलला होता शरतकुमार मित्र नावाच्या एका बंगाली धनिकाने. गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि सोबतचे एक-दोन मल्ल यांची ती मोहीम कोलकात्याच्या पैशावर निघाली होती.

बंगाल आणि कुस्ती! मराठी वाचकाला हे समीकरण जरा विचित्र वाटेल. बंगाल म्हटलं की डोळ्यांपुढे येतात रवींद्रनाथ, रसगुल्ले आणि फुटबॉल. लाल माती आपली, कोल्हापूरची. पण त्या काळी इंग्रजांनी बंगाली माणसावर 'नाजूक, भित्रा, कारकुनी पेशाचा' असा शिक्का मारून ठेवला होता आणि तो शिक्का शिकल्यासवरल्या बंगाली तरुणांना भयंकर झोंबत होता. त्यावर उतारा म्हणून उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांतून आखाडे उभे राहिले. त्यात सर्वांत नामांकित होता अंबिकाचरण गुहा ऊर्फ अंबूबाबूंचा आखाडा. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगप्रसिद्ध झालेला नरेंद्रनाथ दत्त तरुणपणी तिथेच कसरत करायचा, असं सांगतात. १९०२ साली अनुशीलन समिती निघाली तीही आखाड्याच्याच रूपात. लाठी, जोर, बैठका. आणि त्याआड क्रांतीची तयारी.

या साऱ्यात एक मराठी धागासुद्धा आहे. सखाराम गणेश देऊस्कर हे घराण्याने मराठी, पण लेखणीने अस्सल बंगाली. 'देशेर कथा' या त्यांच्या पुस्तकाने बंगालला हलवून सोडलं. त्यांच्याच खटपटीने कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला आणि १९०६च्या उत्सवाला खुद्द लोकमान्य टिळक हजर राहिले. बंगालच्या फाळणीला तेव्हा वर्षही पुरतं झालं नव्हतं. स्वदेशीचा वणवा पेटलेला होता. अशा वातावरणात एखाद्या बंगाली धनिकाने, बंगाली नसलेल्या एका मुसलमान पैलवानावर पैसा लावला तो निव्वळ कुस्तीच्या शौकापायी नव्हे, हे उघड आहे. साहेबाच्या राजधानीत, साहेबांच्या डोळ्यांदेखत एका हिंदी माणसाने गोऱ्या मल्लाची पाठ जमिनीला लावावी, ही त्यामागची इच्छा.

कोलकात्याने असं दृश्य पूर्वी पाहिलं होतं. १८९२ साली टॉम कॅनन हा इंग्रज मल्ल या शहरात आला होता, आणि करीमबक्ष या पंजाबी पैलवानाने त्याला धूळ चारली होती. पण ते झालं घरच्या मैदानावर. लंडनची गोष्ट वेगळी.

म्हातारा रहीम, तरणा गामा

लंडनला निघण्यापूर्वी गामाने एका जुन्या चॅम्पियनशी हिशेब मांडला होता, आणि तो अजून चुकता व्हायचा होता. हा चॅम्पियन म्हणजे गुजरानवालाचा रहीमबक्ष सुलतानीवाला. उंची जवळजवळ सात फूट! हिंदुस्थानातला अव्वल पैलवान. गामा त्याच्यापुढे उभा राहिला की त्याच्या छातीशी लागायचा. पहिल्या लढतीच्या वेळी गामा मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि रहीम उमेदीची वर्षं मागे टाकलेला. जाणकारांचं म्हणणं पडलं, पोरगा चिरडला जाईल. पोरगा चिरडला गेला नाही. नाकातून, कानांतून रक्त आलं तरी हटला नाही. कुस्ती बरोबरीत सुटली.

लोकांच्या दृष्टीने त्या बरोबरीचा अर्थ स्पष्ट होता. जुन्याला नवा पाडू शकला नाही, पण जुन्यालाही नवा पाडता आला नाही, म्हणजे वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दिसलं. दोघे पुन्हा भेटले, पुन्हा बरोबरी. गामा लंडनहून परतल्यावर अलाहाबादला त्यांची शेवटची गाठ पडली आणि गामाने बाजी मारली. 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब त्याच्याकडे आला. तुमचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी कोण, असं पुढे गामाला विचारलं की तो ना झिबिस्कोचं नाव घ्यायचा, ना आणखी कुणाचं. रहीम सुलतानीवाला, एवढंच सांगायचा.

यात रहीमचा मोठेपणा जरा लक्षात घेण्यासारखा आहे. चढत्या सूर्याला टाळणं त्याला सहज शक्य होतं. तो प्रत्येक वेळी आखाड्यात उतरला.

गामाच्या ताकदीच्या कथा तर महाराष्ट्रातल्या तालमीतालमींतून आजही सांगितल्या जातात. रोज पाच हजार बैठका, तीन हजार जोर. दहा वर्षांचा असताना जोधपूरला बैठकांच्या स्पर्धेत शेकडो पैलवानांत तो शेवटच्या पंधरांत टिकला आणि महाराजांनी त्यालाच विजेता ठरवलं. १९०२ साली बडोद्यात त्याने एक प्रचंड दगड उचलला. तो दगड सयाजीबागेच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. वजन बाराशे किलो सांगतात. बाराशे किलो म्हणजे एका छोट्या मोटारीपेक्षाही जास्त. तेव्हा 'उचलला' या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. दगड मात्र खरा आहे.

लंडनमध्ये सुरुवात अपमानानेच झाली. एवढ्याशा उंचीच्या माणसाला तिथल्या स्पर्धेत प्रवेश मिळेना. मग गामाने नाटकगृहातून आव्हान दिलं: कुठल्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल आणा, तिघांना मिळून अर्ध्या तासात पाडतो. लोकांना ही जाहिरातबाजी वाटली. पहिला पुढे आला अमेरिकेचा बेंजामिन रोलर, पेशाने डॉक्टर. गामाने त्याला पहिल्यांदा एक मिनिट चाळीस सेकंदांत चीत केलं, दुसऱ्यांदा नऊ मिनिटं दहा सेकंदांत. इकडे इमामबक्षाने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला दोन्ही वेळा मिळून पाच मिनिटांच्या आत आटोपलं. लंडनच्या वर्तमानपत्रांचा सूर एकदम बदलला.

त्याच उन्हाळ्यात, समुद्रापलीकडे

गामा लंडनमध्ये आव्हानं देत फिरत होता त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रीनो गावी एक बॉक्सिंगची लढत झाली. दिवस ४ जुलै १९१०. एका कोपऱ्यात हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन, हा किताब मिळवणारा पहिला कृष्णवर्णी. दुसऱ्या कोपऱ्यात जेम्स जेफ्रीज. जेफ्रीज १९०५ साली अपराजित निवृत्त झाला होता. जगज्जेतेपद त्याच्याकडे होतं तेव्हा त्याने जॉन्सनला कधी संधी दिली नव्हती. काळ्या माणसाशी किताबासाठी लढायचं नाही, हा त्याचा खाक्या. पण जॉन्सन चॅम्पियन झाला आणि गोऱ्यांची झोप उडाली. शेतावर निवांत बसलेल्या, अंगाने सुटलेल्या जेफ्रीजला पुन्हा उभं करण्यात आलं. वंशाची इज्जत वाचवायला!

पंधराव्या फेरीत सारं संपलं. त्यानंतर अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसं मेली. पुढच्याच वर्षी जॉन्सनची लढत लंडनमध्ये ब्रिटिश चॅम्पियन बिली वेल्सशी ठरली, तर गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती होऊच दिली नाही. साम्राज्यातल्या कोट्यवधी रंगीत प्रजेने गोरा चॅम्पियन आडवा झालेला पाहिला तर काय, ही धास्ती त्यामागे होती.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे गॉच गामाशी का लढला नाही, या प्रश्नाचा निम्मा उलगडा होतो. गॉचला भीती वाटली, असं आपल्याकडे ठासून सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही. तो अमेरिकेत होता, निवृत्तीची भाषा करत होता, आणि लंडनला येऊन एका अनोळखी हिंदी मल्लाशी लढण्यात त्याला फायदा दिसत नव्हता. जिंकला तर कुणी विचारणार नाही, हरला तर जग हसेल. सिंहासनावर बसलेला माणूस असाच हिशेब करतो. त्याला वाट पाहणं परवडतं. खालच्याला परवडत नाही.

तरीही, कुस्ती झालीच असती तर?

वाद घालणाऱ्यांसाठी हा प्रश्न म्हणजे मेजवानी आहे. दोघांचं वजन साधारण सारखं, दोनशे पौंडांच्या आसपास. गॉच तीन-चार इंचांनी उंच. गॉचचा जन्म १८७७चा, गामाच्या जन्मसालाबद्दल मतभेद असले तरी १८७८ हे साल रूढ आहे. म्हणजे वयाचंही फारसं अंतर नाही. आता दोघांशी लढलेले मल्ल घ्या. झिबिस्कोला गॉचने १ जून १९१० रोजी शिकागोत हरवलं. पहिल्यांदा तर सहा-सात सेकंदांत! झिबिस्को रीतीप्रमाणे हात मिळवायला पुढे आला आणि गॉचने त्याचे पायच उचलले. तीन महिन्यांनी त्याच झिबिस्कोला गामा अडीच तासांत उलटवू शकला नाही. झालं! गॉच श्रेष्ठ.

थांबा. १९०९ साली बफेलोत झिबिस्कोने गॉचलाही तासभर दाद दिली नव्हती. आणि शिकागोत एकदा हात पोळल्यावर तो लंडनला आला तोच मुळी गादीला चिकटून राहायचं ठरवून. रोलरचं काय? गॉचने त्याला एकाहून जास्त वेळा हरवलं होतं, पण गामाने ज्या झपाट्याने त्याचा फडशा पाडला तो पाहून रोलरच्या बरगड्यांनीसुद्धा साक्ष दिली. मग गामा श्रेष्ठ?

अशा त्रैराशिकाने कुस्तीचं गणित सुटत नाही. खरा फरक होता नियमांत आणि जमिनीत. गॉचचं हुकमी हत्यार म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय पकडून पंजा पिळणं. वेदनेने समोरचा स्वतःच पाठ टेकायचा. आपल्या कुस्तीत पट काढतात, ढाक लावतात, धोबीपछाड मारतात, पण पंजा पिळून शरण आणण्याला तिथे जागा नाही. गादीवर, अमेरिकन नियमांनी, एखाद्या तासानंतर गामाचा पाय गॉचच्या हाती लागला असता तर प्रसंग बाका होता. उलट लाल मातीच्या हौद्यात, उभ्या-उभ्या, पहिल्या पाच मिनिटांत गॉचला गामाच्या त्या वेगापुढे टिकाव धरणं कठीण होतं. पाच हजार बैठकांचे पाय होते ते. मातीत गामा, आणि गादीवर लांबलेली कुस्ती असेल तर गॉच, असं म्हणण्यात कुणावर अन्याय होऊ नये. कोल्हापुरातल्या वस्तादांना हा निवाडा मान्य होणार नाही, हे उघड आहे.

गॉच आणि हॅकनश्मिट १९११च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पुन्हा भिडले आणि गॉच सहज जिंकला. त्या लढतीपूर्वी सरावात हॅकनश्मिटचा गुडघा जायबंदी झाला होता. तो जाणूनबुजून दुखावण्यात आला आणि त्यासाठी पैसे मोजले गेले, अशी वदंता आहे. गुडघा दुखावणारा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो मल्ल होता अ‍ॅड सँटेल. हे नाव जरा ध्यानात असू द्या. गॉच १९१७ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. गामाची संधी तिथेच संपली.

कोलकात्याचे गोबरबाबू

हा सँटेल दहा वर्षांनी एका कोलकातेकराच्या हाती सापडला! अंबूबाबूंचे नातू जतींद्रचरण गुहा. जन्म १८९२. लाडाचं नाव गोबर, म्हणजे चक्क शेण. पण या गोबरबाबूंची उंची सहा फुटांवर आणि शरीर डोंगरासारखं. सतार ऐकणारा, इंग्रजी साहित्य वाचणारा हा भद्रलोक पैलवान १९१३ साली स्कॉटलंडमध्ये जिमी कॅम्पबेल आणि जिमी एसन यांना हरवून आला. मग अमेरिका गाठली. ३० ऑगस्ट १९२१ रोजी सॅनफ्रान्सिस्कोत त्यांनी अ‍ॅड सँटेलला हरवून लाइट हेवीवेट गटाचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. गामाला जे दार उघडलं गेलं नाही, त्याच्या शेजारचं दार कोलकात्याच्या पोराने अकरा वर्षांनी ढकलून उघडलं, असं म्हणायला हरकत नाही. हेवीवेटचा जगज्जेता एड 'स्ट्रँगलर' लुईस याच्याशी १९२२ साली त्यांची गाठ पडली. त्या लढतीत मात्र हार पत्करावी लागली.

गोबरबाबू मायदेशी परतले तेव्हा त्यांची तिशी उलटली होती. आणि आता आव्हान देणारा दुसराच कुणी होता. काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबर १९२८च्या अखेरीस कोलकात्याच्या पार्क सर्कस मैदानावर भरलं होतं. सुभाषबाबू गणवेशात स्वयंसेवकांचं नेतृत्व करत होते ते हेच अधिवेशन. जानेवारी १९२९मध्ये त्याच पार्क सर्कसला गोबरबाबूंची कुस्ती छोट्या गामाशी झाली. (हा छोटा गामा वेगळा; थोरल्या गामाशी त्याची गल्लत करू नये.) अमेरिका जिंकून आलेला बंगालचा वाघ घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर हरला. बंगाली चाहत्यांना हा निकाल कधीच पचला नाही. अजूनही त्यांच्या तोंडून 'पाच वर्षांपूर्वी झाली असती तर' हे वाक्य निघतंच.

पाच वर्षांपूर्वी झाली असती तर! कोलकात्यात घराबाहेरच्या ओट्यावर, ज्याला तिथे 'रॉक' म्हणतात, बसून चाललेल्या कुठल्याही अड्ड्यावर हे वाक्य ऐकू येतं. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला, तेव्हाही हेच. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पेले त्या वेळी छत्तीस वर्षांचा होता आणि आठवडाभरात निवृत्त व्हायचा होता. मोहन बागानने पेलेला रोखलं, हे खरं. कोणत्या पेलेला, हा प्रश्न शहाण्या माणसाने अड्ड्यावर विचारू नये.

कॉम्प्युटरने लावलेला निकाल

बॉक्सिंगमध्ये तर या 'जर-तर'चा एकदा चक्क धंदाच करण्यात आला. साठच्या दशकाच्या अखेरीस मरी वॉरोनर नावाच्या अमेरिकन निर्मात्याने जुन्या-नव्या हेवीवेट चॅम्पियनांची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरली आणि रेडिओवर काल्पनिक लढती ऐकवल्या. त्यात महंमद अली जेफ्रीजकडून हरला. जॉन्सनसमोर कोसळलेल्या त्याच जेफ्रीजकडून! अलीने अब्रुनुकसानीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड अशी झाली की अलीने रॉकी मार्सियानोबरोबर काल्पनिक लढतीच्या चित्रपटात काम करायचं. मार्सियानो पंचेचाळिशीचा, तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्याने वजन उतरवलं, डोक्यावर विग चढवला. १९६९ साली मायामीत दोघे सत्तरहून अधिक छोट्या फेऱ्या लढले. शेवट वेगवेगळे चित्रित झाले. खरा कुठला ते दोघांनाही सांगण्यात आलं नाही.

२० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवण्यात आला. तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी. पण ते पाहायला मार्सियानो जिवंत नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात तो गेला होता. युरोपात म्हणे दुसरा शेवट दाखवला, अली जिंकतो तो. कॉम्प्युटरलाही बाजारपेठ कळते! हा कॉम्प्युटर अलाबामात बनला असावा, अशी अलीने थट्टा केली. वंशद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या राज्याचं नाव त्याने उगीच घेतलं नव्हतं.

खऱ्या लढतींत याहून क्रूर गोष्टी घडतात. १९५१ साली तरुण मार्सियानोने सदतीस वर्षांच्या जो लुईला आठव्या फेरीत रिंगबाहेर फेकलं. लुई हा त्याचा लहानपणापासूनचा आदर्श. लढत संपल्यावर मार्सियानो रडला. नोव्हेंबर २०२४मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलपुढे रिंगमध्ये उतरला आणि हरला. त्याने सिद्ध काहीच झालं नाही, पैसा तेवढा झाला. उलट उदाहरणही आहे. १९९४ साली पंचेचाळीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवं केलं. पण त्याच फोरमनची टायसनशी लढत व्हावी म्हणून सारं जग डोळे लावून बसलं होतं आणि ती शेवटपर्यंत झाली नाही.

आपल्या देशानेही असा एक क्षण पाहिला. जानेवारी १९८०मध्ये अडतीस वर्षांचा, निवृत्त झालेला अली दिल्लीला आला आणि लष्करातला उमदा हेवीवेट कौरसिंग त्याच्यासमोर चार फेऱ्यांच्या प्रदर्शनीय लढतीत उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अली पुन्हा खरोखरीच्या रिंगमध्ये उतरला आणि लॅरी होम्सने त्याची जी दशा केली ती पाहवत नव्हती. कौरसिंगने १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावलं. २०२३ साली तो वारला, तोपर्यंत त्याची ओळख 'अलीशी लढलेला' हीच राहिली.

अठरा वर्षांनंतर

झिबिस्कोला मात्र लंडनचं ते अर्धवट राहिलेलं प्रकरण स्वस्थ बसू देत नव्हतं. दरम्यान तो दोनदा जगज्जेता झाला होता. जानेवारी १९२८मध्ये तो पतियाळाला आला. महाराजा भूपिंदरसिंगांनी खास मैदान तयार करवलं होतं आणि हजारोंची गर्दी लोटली होती. गामा पन्नाशीला टेकलेला, झिबिस्कोही त्याच्या आसपास. या वेळी गादी नव्हती, माती होती. अठरा वर्षं लांबलेली कुस्ती मिनिटभरही चालली नाही. झिबिस्कोची पाठ जमिनीला लागली होती.

१९१०चा निकाल लागला, असं लोक म्हणाले. तसं पाहिलं तर लंडनमध्ये भिडलेले ते दोन मल्ल उरलेच कुठे होते?

त्यानंतर गामाशी लढणारा कुणी उरला नाही, असं सांगण्याची पद्धत आहे. अर्धसत्य आहे ते. तरुण पैलवान होते, आव्हानंही येत होती. पण गामापर्यंत पोचायचं तर आधी इमामबक्षाला पाडा, असा तिथला दंडक असल्याचं सांगितलं जातं. इमामबक्ष काही साधा अडसर नव्हता. १९१२ साली शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाच्या उद्घाटनाची कुस्ती गाजवणारा हाच तो इमामबक्ष. म्हणजे ज्या गामाला गॉचच्या दारातून परत फिरावं लागलं होतं, त्याच्याच दाराशी आता दुसरी पोरं ताटकळत उभी होती. त्यांच्यात एखादा गामा होता का? कोण जाणे.

झिबिस्कोच्या नशिबी आणखी एक गंमत लिहिलेली होती. १९५० साली 'नाइट अँड द सिटी' हा चित्रपट आला. त्यात सत्तरीच्या झिबिस्कोने एका वृद्ध मल्लाची भूमिका केली. हा वृद्ध मल्ल तरुण पैलवानाशी झुंजतो, त्याला हरवतो आणि त्या श्रमाने प्राण सोडतो. चित्रपटातलं शहर लंडन.

गामा फाळणीनंतर लाहोरलाच राहिला. १९४७च्या दंग्यांत मोहिनी रोडवरच्या आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी तो स्वतः दारात उभा ठाकला होता. शेवटची वर्षं मात्र आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. हृदयाचा विकार, औषधांचा खर्च. त्याच्या हलाखीची बातमी सीमेपलीकडे आली तेव्हा मदतीला धावून गेले घनश्यामदास बिर्ला, ज्यांच्या उद्योगाची उभारणी कोलकात्यात झाली होती. दोन हजार रुपये आणि दरमहा तीनशे रुपयांचं मानधन त्यांनी सुरू केल्याची नोंद आहे. २३ मे १९६० रोजी गामा गेला. त्याला लंडनला धाडणाऱ्या शरतकुमार मित्रांचं नाव आज कोलकात्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. गोबरबाबूंचा अर्धपुतळा मात्र उत्तर कोलकात्याच्या आझाद हिंद बागेत आहे, आणि तिथून थोड्याच अंतरावर गोआबागानमध्ये त्यांचा आखाडा.